खाऱ्या बेटावर गोडे पाणी आणि टिकणारे शौचालय

पलूस तालुक्यातील एका तरुण स्थापत्य अभियंत्यांनी प्रश्न विचारला आहे. पश्चिम बंगालमधील सुंदरबनच्या बेटांवर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत त्यांची निवड झाली असून, प्रत्येक गावाला सौरऊर्जेवर चालणारा एक आरओ प्लँट (खारे पाणी दाबाने पडद्यातून गाळून गोडे करणारे यंत्र) आणि प्रत्येक घराला फायबरचे तयार शौचालय द्यावे, असा संस्थेचा विचार आहे. चक्रीवादळांच्या पट्ट्यात ही योजना टिकेल का, आणि टिकणार नसेल तर कामाला सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे. सांगली आणि साताऱ्याच्या ग्रामीण पाणीपुरवठ्यात माझी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर काही काळ त्या खाडीकाठच्या गावांतही काम करता आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर असे की, ही योजना ज्या आठवड्यात सर्वांत जास्त लागेल नेमक्या त्याच आठवड्यात बंद असेल. बेटावरच्या पाण्याची आखणी सरासरी दिवसासाठी करून चालत नाही. वादळानंतरचे पहिले दहा दिवस आणि पावसाळ्यापूर्वीचे शेवटचे दोन आठवडे, या दोन काळांत गावाला काय प्यायला मिळेल आणि बायाबापड्या शौचाला कोठे जातील, हे आधी ठरवावे. त्यांत जी व्यवस्था उभी राहते ती उरलेल्या वर्षात आपोआप चालते. उलट बाजूने आखलेली योजना पहिल्या वादळात जाते.

तुम्ही पलूसचे आहात, त्यामुळे हे तुम्हाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. त्या दिवसांत ब्रह्मनाळ, भिलवडी, आमणापूर ही गावे अक्षरशः बेटे झाली होती. नदीकाठच्या जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरी, पाण्याखाली, पंपांच्या मोटारी पाण्याखाली, वीज बंद, रस्ता बंद. चहूकडे पाणीच पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही. आपल्याकडे ही अवस्था काही वर्षांतून एकदा येते, २००५, २०१९, २०२१ अशी. सुंदरबनच्या माणसाला ती मनात धरूनच घर बांधावे लागते. शिवाय एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे. कृष्णेचा पूर गोड्या पाण्याचा असतो, तो ओसरला की विहीर उपसून, टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक पावडर) टाकून आपण पुन्हा वापरात आणतो. समुद्राचे पाणी ओसरताना मीठ मागे ठेवून जाते, आणि ते मीठ ना उकळून जाते, ना टीसीएलने जाते.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राचा नाही, बेट कशाचे बनले आहे हा आहे. वाळूचे किंवा प्रवाळाचे बेट असेल, जसे लक्षद्वीप, तर पावसाचे मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर हलके होऊन तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर तिच्या खाली साधारण ४० फूट गोडे पाणी असते, हा भूजलशास्त्रातला जुना नियम आहे. त्याचा व्यवहारी अर्थ असा की, विहिरीची पातळी उपशाने एक फूट खाली ओढली की खालचे खारे पाणी कितीतरी पटीने वर चढते. अशा बेटावर मोठा पंप बसवणे म्हणजे स्वतःच्या हाताने विहीर खारी करणे होय. तेथे अनेक उथळ विहिरींतून थोडाथोडा उपसा करावा लागतो. सुंदरबनाची गोष्ट निराळी आहे. भारताच्या बाजूला १०२ बेटे आहेत, त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे, आणि ही बेटे नदीच्या बारीक गाळाची, चिकण मातीची आहेत. तेथे वरच्या थरांतले पाणी खारे असते. गोडे पाणी सापडते ते बहुतेक ठिकाणी २०० ते ३५० मीटर खोल, चिकण मातीच्या जाड थरांखाली दबलेले. त्यामुळे एका बेटावर यशस्वी झालेला नमुना दुसऱ्या बेटावर डोळे झाकून नेऊ नये. पहिल्या महिन्यात पाण्याची क्षारता मोजण्याचे छोटे हातातले मीटर घेऊन गावातली प्रत्येक कूपनलिका, प्रत्येक तळे मोजा आणि नकाशावर आकडे लिहा. आपल्या वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यात शेतकरी मातीची चाचणी करून पीक ठरवतो. येथे पाण्याची चाचणी करून योजना ठरवायची आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. खाऱ्या पाण्याला लोक सरावतात, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. बांगलादेशच्या किनारपट्टीत झालेल्या अभ्यासांत खारट पिण्याचे पाणी आणि गरोदर स्त्रियांचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध दिसून आला आहे.

दुसरा प्रश्न वादळाच्या महिन्याचा, आणि याकडे बाहेरून जाणाऱ्या संस्थांचे फारसे लक्ष जात नाही. बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पावसाळा संपल्यावर. आयला २५ मे २००९ रोजी आले, अम्फान २० मे २०२० रोजी, यास २६ मे २०२१ रोजी. बांगलादेशातले सिडर मात्र १५ नोव्हेंबर २००७ चे, आणि सुंदरबनात आलेले बुलबुल नोव्हेंबर २०१९ चे. मेमध्ये बांध फुटून गावतळ्यात खारे पाणी शिरले, तर पाऊस दोन-तीन आठवड्यांवर असतो. त्या दोन-तीन आठवड्यांत बांधाचे भगदाड बुजवून, तळे पंपाने पूर्ण उपसून, मेलेले मासे आणि सडलेला पाला काढून, तळाचा वीतभर गाळ खरवडून टाकला, तर जुलैअखेर तेच तळे पुष्कळसे गोडे होऊ शकते. हे काम लांबले आणि पाऊस खाऱ्या पाण्यावरच पडला, तर मात्र पुढचे सबंध वर्ष गेले. नोव्हेंबरमध्ये तळे खारे झाले तर प्रश्न वेगळाच असतो, कारण पुढचा भरवशाचा पाऊस सात महिने दूर असतो. तेथे तळे उपसण्याची घाई करून उपयोग नाही, सगळी ताकद घराघरांतल्या साठ्यावर आणि बाहेरून येणाऱ्या पाण्यावर लावावी लागते. म्हणून उपसण्याचा डिझेल पंप, त्याचा पाइप आणि डिझेल हे गावातच, उंच जागी, एप्रिलपूर्वी ठेवलेले असले पाहिजे. वादळानंतर तो पंप मुख्य भूमीवरून मागवायचा म्हटले तर होड्या आधी माणसांसाठी लागतात, आणि ते योग्यच आहे.

आता मुख्य आधार कशाला करायचे? माझे स्पष्ट मत असे आहे की, सुंदरबनसारख्या ठिकाणी घरटी पावसाच्या पाण्याची टाकी हा पाया, खोल कूपनलिका हा गावाचा रोजचा स्रोत, राखीव तळे हा आपत्तीतला आधार, आणि आरओ असलाच तर सर्वांत शेवटी. पायाचा हिशेब मी येथे करून दाखवतो, कारण संस्थेच्या बैठकीत तुम्हाला तो मांडावा लागेल. त्या भागात वर्षाला १६०० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस पडतो. २० चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर धरा आणि पन्हळीतून, उडून, सांडून पाचवा भाग वाया गेला असे धरा. तरी वर्षाला सुमारे २५,६०० लिटर पाणी हाती येते. पाच माणसांच्या घराला निव्वळ पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ५ लिटर धरले तर दिवसाला २५ लिटर लागते. ऑक्टोबरअखेरपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोरडे दिवस २२० धरले, तर ५,५०० लिटरचा साठा हवा. म्हणजे पाऊस मुबलक आहे, छप्परही पुरेसे आहे. कमी पडते ती टाकी. पैसा टाकीत घाला. १००० लिटरची टाकी देऊन फोटो काढणाऱ्या योजना मी पाहिल्या आहेत. तेवढी टाकी चाळीस दिवसांत, डिसेंबरच्या मध्यापूर्वीच कोरडी पडते आणि मग तिच्यात धान्य भरले जाते. ज्यांचे छप्पर गवताचे आहे त्यांना टाकीबरोबर चार पत्रे द्यावे लागतील, नाहीतर सर्वांत गरीब घरेच योजनेतून गळतील.

टाकी बांधण्याच्या बारीक गोष्टी येथेच सांगतो, कारण सगळे यश त्यांत आहे. फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवलेली टाकी स्थानिक गवंडी शिकून बांधू शकतात, पण कालवण्याला आणि पाणी मारण्याला गोडेच पाणी हवे. खाऱ्या पाण्याने जाळी गंजते, गिलाव्याला लोणा धरतो आणि दोन-तीन वर्षांत टाकी झिरपू लागते. म्हणून बांधकाम नोव्हेंबर ते जानेवारीत करावे, जेव्हा तळ्यांत गोडे पाणी शिल्लक असते. मार्च-एप्रिलमध्ये बांधकाम काढले की आपण लोकांच्या तोंडचे पाणी सिमेंटमध्ये घालतो. टाकी घराच्या जोत्याएवढ्या उंच चौथऱ्यावर असावी, झाकण घट्ट असावे, प्रत्येक तोंडाला डास जाऊ नये अशी बारीक जाळी असावी. हंगामातल्या पहिल्या सरीचे पाणी बाजूला सोडण्याची सोय हवी. २० चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० लिटर, तेवढे तरी प्रत्येक कोरड्या खंडानंतर सोडून द्यावे. वादळाची सूचना आली की पन्हळ टाकीपासून तोडायची, कारण वादळी वाऱ्याबरोबर समुद्राचे खारे तुषार छपरावर येतात. प्लास्टिकची टाकी असेल तर ती दोराने चौथऱ्याला जखडावी आणि शक्य तर भरलेली ठेवावी. रिकामी टाकी वाऱ्याने उडते आणि पुराने तरंगते.

खोल कूपनलिकेचे पाणी चांगले असते, आणि गंगेच्या खोऱ्यातल्या उथळ थरांत जो आर्सेनिकचा दोष आढळतो तो या खोल थरांत सहसा नसतो; तरीही प्रत्येक नव्या कूपनलिकेची प्रयोगशाळेतून आर्सेनिकची तपासणी केल्याशिवाय ती खुली करू नये. मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमची आहे. तिचा खरा धोका बांधणीत असतो. वरचा खारा थर भेदून पाइप खाली जातो. पाइपभोवतालची पोकळी नीट बंद केली नाही किंवा सांध्यांत ढिलाई राहिली, तर खारे पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरते, आणि काही वर्षांनी गावकरी म्हणतात की नळ खारा झाला. ठेकेदाराकडून हे काम करून घेताना तुम्ही स्वतः उभे राहा. हातपंपाचा चौथरा आयलाच्या पुराच्या खुणेवर किमान दीड-दोन फूट उंच हवा, कारण पंपाचे तोंड बुडाले की पुराची सगळी घाण थेट पाइपात उतरते. हे खोल पाणी फार हळू भरून येते. त्यावर उन्हाळी भात पिकवू देऊ नये, हे ग्रामसभेत आधीच ठरवून घ्यावे, नंतर ठरत नाही.

तळ्याविषयी एकच आग्रह. पिण्याचे तळे वेगळे राखायचे. त्यात आंघोळ नाही, गुरे नाहीत, माशांना खाद्य नाही. भोवताली उंच बांध आणि कुंपण असावे, आणि पाणी वाळूच्या गाळणीतून घ्यावे. गाळणीची वरची वाळू ठरावीक काळाने खरवडून धुवावी लागते आणि ती जबाबदारी नावानिशी नेमलेली नसेल तर गाळणी वर्षभरात चोंदते. घरी पाणी भरताना जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळण्याची सवयही लावावी. कॉलऱ्याचे जंतू खाडीच्या मचूळ पाण्यात सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात, आणि बांगलादेशातल्या गावांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. गाळणे हा शुद्धीकरणाला पर्याय नाही, पण वादळानंतर हाताशी काहीच नसते तेव्हा साडी असते.

आरओविषयी माझा विरोध तत्त्वाचा नाही. त्याला स्वच्छ केलेले पाणी आत लागते, पडदा ठरावीक काळाने बदलावा लागतो, उच्च दाबाचा पंप चालवणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि मागे उरलेले अधिक खारे पाणी कोठे सोडायचे ते ठरवावे लागते. ते तळ्याकडे वाहिले तर एक प्रश्न सोडवून दुसरा उभा केला जातो. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी करण्याची क्षमता असलेले केंद्र आहे, पण त्याच्यामागे राष्ट्रीय संशोधन संस्था आणि शासनाचा कायमचा खर्च उभा आहे. तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने तसे काही गावावर सोपवून निघून जाऊ नये. जेथे खोल कूपनलिकाही खारी निघते, अशा निवडक गावांसाठी आरओ ठेवा, आणि त्याचीही पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या.

निर्जंतुकीकरणाचे तंत्र तुम्हाला आपल्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून शिकता येईल, आणि जाण्यापूर्वी अवश्य शिका. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे ५,००० लिटरच्या टाकीला साडेबारा ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन द्रावणाने उरलेला क्लोरीन तपासण्याची चाचणी) करून पाण्याला फिकट पिवळा रंग येतो का पाहायचे. उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असावा. रंग आला नाही तर मात्रा वाढवायची. पुरानंतरच्या गढूळ पाण्यात अडीच ग्रॅमने काहीच होत नाही, कारण गाळ आणि कुजका पाला क्लोरीन खाऊन टाकतात. तेथे आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे आणि मग मात्रा चाचणीनुसार ठरवावी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघडे पोते लवकर निकामी होते, म्हणून आपत्तीच्या साठ्यासाठी पावडरीऐवजी बंद पाकिटातल्या क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. त्या कितीतरी जास्त टिकतात.

आता शौचालय. पाण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते, कारण चुकीच्या जागी बांधलेले शौचालय वरची सगळी मेहनत फुकट घालवते. आपल्याकडे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय म्हणजे हमखास उत्तर मानले जाते, आणि मुरमाड जमिनीत ते आहेही. पण पलूस-वाळव्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात खड्डा भरून आलेला तुम्ही पाहिला असेल. चिकण माती पाणी पितच नाही. सुंदरबनात माती त्याहून चिकट, आणि पावसाळ्यात जमिनीतले पाणी हातभरावर आलेले असते. आपत्तीतल्या मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर असावा आणि खड्डा पाण्याच्या स्रोतापासून ३० मीटर दूर असावा. अशा बेटावर हे जमिनीखाली खड्डा घेऊन साधता येत नाही. म्हणून सगळे जमिनीच्या वर उचलावे लागते.

माझी पहिली पसंती दोन कप्प्यांच्या कोरड्या शौचालयाला आहे, ज्यात मूत्र आणि धुण्याचे पाणी वेगळे काढले जाते आणि मैला खालच्या बंद कप्प्यात पडतो. प्रत्येक वापरानंतर मूठभर राख किंवा कोरडी माती टाकायची. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा, आणि बंद कप्पा किमान एक वर्ष उघडायचा नाही. तोवर मैला वाळून, जंतू मरून तो शेतात घालण्याजोगा होतो. कप्प्याचा तळ पुराच्या खुणेच्या वर असेल तर पूर आला तरी घाण पाण्यात मिसळत नाही. अडचण वापराची आहे. आपल्या लोकांना पाण्याने धुण्याची सवय, आणि ती सोडायला सांगणे चूक आहे. म्हणून धुण्याची जागा शेजारी, वेगळ्या उतारावर हवी, आणि ते पाणी केळीच्या बुंध्याशी सोडावे. एकदा का कप्प्यात पाणी जाऊ लागले की दुर्गंधी सुटते, आणि दुर्गंधी सुटली की माणसे बांधावर जाऊ लागतात. त्यामुळे ज्या घरातल्या बाईने आणि सासूने हे शौचालय वापरून पाहिल्यानंतर होकार दिला आहे, त्याच घराला ते द्या. इतरांना उंच चौथऱ्यावरचे पाण्याचे शौचालय आणि त्याला पूर्ण बंद, न झिरपणारी टाकी द्यावी. मात्र ती टाकी कोण, कशाने रिकामी करणार, याचे उत्तर बांधण्यापूर्वीच लागते. बेटावर मैला उपसणारी गाडी येत नाही, आणि माणसाला टाकीत उतरवणे अमानुष आहेच, शिवाय २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

फायबरच्या तयार शौचालयाबद्दल तुम्ही विचारले आहे. वरचा सांगाडा हलका असायला हरकत नाही, वादळात गेला तर तट्ट्याचा पुन्हा उभा करता येतो. पण जमिनीत पुरलेली फायबरची टाकी पाणी वर चढले की उसळी मारते. १००० लिटरची रिकामी टाकी पाण्याखाली गेली की सुमारे एक टनाच्या जोराने वर येऊ पाहते, आणि पाइप तोडून अंगणात तरंगताना दिसते. तीच टाकी वापरायची असेल तर तिच्यावर काँक्रीटचे वजन जखडा आणि वादळापूर्वी ती पाण्याने भरून ठेवण्याची शिकवण द्या.

चौथरा किती उंच करायचा हे नकाशावरून ठरवू नका. आपल्याकडे भिंतीवर २०१९ ची पूरखूण असते, तशी तेथे आयलाची खूण जुनी माणसे बोटाने दाखवतात. तिच्यावर दीड-दोन फूट धरा. उंच चौथरा म्हणजे पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आणि गरोदर बाईला त्रास; म्हणून शक्य तेथे नुसते शौचालय उचलण्याऐवजी घर, टाकी आणि शौचालय यांची सबंध जागाच भराव घालून उंच करावी. त्या भागातले लोक पूर्वापार तळे खणून त्याच मातीवर घर बांधत आले आहेत. तुम्ही नवे राखीव तळे खणणार असाल तर त्याची माती आजूबाजूच्या घरांच्या भरावासाठी आधीच वाटून ठेवा. एका खर्चात दोन कामे होतात. फक्त शौचालयाचा उतार तळ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवा.

वादळ-निवाऱ्याच्या इमारतीत शौचालये बहुतेक वेळा तळमजल्यावर बांधलेली असतात, म्हणजे लोक वर जमतात त्याच रात्री ती पाण्याखाली जातात. नव्या इमारतीचा आराखडा तुमच्या हाती आला तर ती वरच्या मजल्यावर घ्या. २० माणसांमागे एक आणि पुरुषांच्या एका शौचालयामागे बायकांची तीन, हे प्रमाण वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत दिले आहे. आतून कडी, दिवा आणि मासिक पाळीचे कापड धुण्याची आडोशाची जागा नसेल तर बायका रात्रभर पाणी न पिता बसतात. निवाऱ्याच्या छपराचे पाणी साठवणारी टाकी आणि तिची किल्ली गावात कोणाकडे आहे हेही एप्रिलमध्येच पाहून घ्या.

साबणाविषयी दोन वाक्ये. खाऱ्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून नुसता हात धुण्याचा संदेश देऊन लोक हात धुवत नाहीत; शौचालयाजवळ गोड्या पाण्याचा छोटा नळाचा डबा टांगला तर धुतात. लहान मुलांची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकतात, तीही शौचालयातच गेली पाहिजे.

खर्चाचा अंदाज करताना एक गोष्ट साताऱ्याच्या अनुभवावरून सांगतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या गावांना सिमेंट, वाळू, पाइप लाँचने न्यावे लागतात. दरसूचीत माल रस्त्याच्या टोकापर्यंतच पोहोचतो, पुढची होडी, पुढची डोईवरची वाहतूक, भिजून दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या यांचा खर्च कोणी धरत नाही, आणि मग काम अर्ध्यावर थांबते. सुंदरबनात भरती-ओहोटीच्या वेळाही धराव्या लागतात, कारण ओहोटीला धक्क्यापर्यंत होडी लागत नाही आणि माल गुडघाभर चिखलातून उतरवावा लागतो. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्यात दाखवा.

दुरुस्तीसाठी बेटावरच माणसे तयार करा, आणि त्यांत बायका निम्म्याहून अधिक घ्या. तेथले पुष्कळ पुरुष वर्षातले कित्येक महिने कामासाठी बाहेरगावी असतात. पंप बिघडतो तेव्हा घरी असते ती बाई. हातपंपाचे वायसर, वॉल्व्ह, साखळी, पाने, टीसीएल मोजण्याचा छोटा काटा आणि ओटीची बाटली हा संच प्रत्येक वस्तीत एका उंच पेटीत हवा, आणि त्याची यादी पेटीच्या झाकणावर चिकटवलेली हवी. घरटी मासिक वर्गणी अगदी थोडी का असेना, पण पहिल्या दिवसापासून घ्या, आणि तिचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लिहा.

पहिल्या वर्षाचा क्रम मी असा धरीन. पावसाळा संपताच पाण्याचे मोजमाप आणि पूरखुणांची नोंद, नोव्हेंबर ते जानेवारीत टाक्यांचे आणि चौथऱ्यांचे बांधकाम, फेब्रुवारीत पंप-दुरुस्तीचे प्रशिक्षण, मार्चअखेर क्लोरीनच्या गोळ्या, डिझेल पंप आणि सुटे भाग बेटावर पोहोचलेले, आणि एप्रिलमध्ये एकदा संपूर्ण गावासह रंगीत तालीम, ज्यात होडी आणि वीज दोन्ही नाहीत असे धरून दहा दिवसांचे पाणी कोठून येते ते प्रत्यक्ष मोजायचे. संस्थेकडे हा क्रम मांडताना आरओसाठी ठेवलेल्या रकमेतून निदान दोन गावांच्या टाक्या पहिल्याच हिवाळ्यात बांधून मिळाव्यात, अशी लेखी मागणी करा. आणि त्या टाक्यांतले पाणी मेअखेरीस किती उरले याची नोंद ठेवा, म्हणजे दुसऱ्या वर्षीचा निधी मागताना तुमच्याकडे बेटावरचाच आकडा असेल.